हायब्रीड मोटारगाडी आणि लोकविश्वास : दीर्घ मालकीच्या पुराव्याचा इतिहास

१. प्रास्ताविक

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोध केव्हा लागला, पेटंट प्रथम कोणी घेतले आणि पहिला नमुना कोठे तयार झाला, या प्रश्नांस सामान्यतः अग्रस्थान मिळते. तेच यंत्र विकत घेऊन दहा-पंधरा वर्षे वापरणाऱ्या मनुष्याचा उल्लेख अशा इतिहासात क्वचितच आढळतो. पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर या दोहोंच्या साहाय्याने चालणाऱ्या हायब्रीड मोटारगाडीच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा इतिहासकारास परवडणारी नाही. या गाडीची कल्पना १९०० च्या सुमाराची. मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊन ती १९९७ साली जपानात विक्रीस आली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर शंभर नव्या गाड्यांत तिचे प्रमाण दहाच्या आसपास पोहोचण्यास मात्र २०२४ साल उजाडावे लागले.

हा विलंब का झाला? गाडीची अधिक किंमत, इंधनाच्या भावातील चढउतार, सरकारी सवलतींचे येणेजाणे ही कारणे सर्वांस परिचित आहेत व ती खरीही आहेत. तथापि प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, सामान्य ग्राहकाच्या मनातील मूळ प्रश्न ‘ही गाडी टिकेल काय?’ हा होता. या प्रश्नाचे उत्तर कारखानदार, सरकार व प्रयोगशाळा यांपैकी कोणालाही आगाऊ देता येण्यासारखे नव्हते. गाडी दीर्घकाळ वापरणाऱ्या मालकांजवळच ते तयार व्हावयाचे होते, आणि त्यास वर्षे लागणे अपरिहार्य होते.

२. पूर्वपीठिका

व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात काम करणाऱ्या फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने चाकांतच विजेच्या मोटरी बसविलेली गाडी तयार केली व ती १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आली. बॅटरीचे वजन फार आणि पल्ला थोडा, ही अडचण ध्यानात येताच त्याने गाडीवर पेट्रोलचे इंजिन चढवून त्याच्याकरवी वीज निर्माण करण्याची योजना केली. बेल्जममधील लिएज येथील आंरी पिपेर यास इंजिन व मोटर यांच्या संयुक्त रचनेबद्दल १९०९ साली अमेरिकन पेटंट मिळाले. शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१७ च्या सुमारास ‘ड्युअल पॉवर’ नावाची गाडी विक्रीस काढली. ती मंद वेगात विजेवर व अधिक वेगात पेट्रोलवर चाले. तिची किंमत २,६५० डॉलर होती, तर फोर्डची ‘मॉडेल टी’ त्या सुमारास चारशे डॉलरांच्या आत मिळत असे. शिवाय १९१२ पासून कॅडिलॅक गाड्यांत इंजिन विजेने सुरू करण्याची सोय झाली होती. हँडल मारण्याचा त्रास हे पेट्रोल गाडीतील मोठे न्यून त्यामुळे नाहीसे झाले आणि वुड्सची गाडी लवकरच बंद पडली.

यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ या कल्पनेकडे फारसे कोणी वळले नाही. १९७० च्या सुमारास शहरांतील धुराची समस्या अमेरिकेत तीव्र झाली, तेव्हा व्हिक्टर वोक या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यासह १९७२ सालच्या ब्यूइक स्कायलार्क गाडीचे हायब्रीड गाडीत रूपांतर केले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७४ मध्ये तिची चाचणी घेतली, परंतु योजना पुढे नेली नाही. ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीनंतर अमेरिकन काँग्रेसने १९७६ साली विद्युत् व हायब्रीड वाहनांच्या संशोधनाचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यास नकाराधिकाराने विरोध केला असता काँग्रेसने तो नकार डावलून कायदा संमत केला. पुढे १९८० नंतरच्या दशकात तेल स्वस्त झाले आणि हा उत्साहही ओसरला.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान आढळते. यांपैकी कोणतीही गाडी सामान्य माणसांच्या हाती पुरेशा संख्येने व पुरेसा काळ राहिली नाही. तत्त्व सिद्ध झाले, पण टिकाऊपणाचा अनुभव मागे उरला नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या प्रयत्नास विश्वासाच्या बाबतीत शून्यापासून आरंभ करावा लागला.

३. जपानातील प्रारंभ

टोयोटा कंपनीने १९९३ मध्ये एकविसाव्या शतकास साजेशी गाडी तयार करण्यासाठी ‘जी-२१’ नावाची योजना हाती घेतली. ताकेशी उचियामादा हे तिचे मुख्य अभियंते होते. इंधनाची कार्यक्षमता दीडपट करावी, असे प्रथम ठरले होते. पुढे वरिष्ठांनी ती दुप्पट करण्याचा आग्रह धरला आणि साध्या इंजिनाच्या सुधारणेने हे साधणार नाही, हे स्पष्ट झाले. १९९५ च्या टोकियो प्रदर्शनात गाडीची कल्पना मांडण्यात आली आणि डिसेंबर १९९७ मध्ये ‘प्रियस’ या नावाने ती जपानात विक्रीस आली. त्याच महिन्यात क्योटो येथे हवामानविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. गाडीची किंमत २१ लाख ५० हजार येन ठेवली होती आणि प्रारंभी महिन्यास एक हजार गाड्या खपतील, असा अंदाज होता.

गाडीच्या रचनेविषयी येथे थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व शंकाकुशंका या रचनेशीच निगडित आहेत. मध्यवर्ती दंतचक्राभोवती फिरणाऱ्या लहान दंतचक्रांच्या योजनेने इंजिनाची शक्ती दोन वाटांनी विभागली जाते. एक वाट सरळ चाकांकडे जाते, तर दुसरी वीज निर्माण करण्याकडे. गाडी थांबली की इंजिनही थांबते. ब्रेक लावताना चाकांची गती मोटरच्या द्वारे विजेत परिणत होऊन बॅटरीत साठते. या रचनेत नेहमीचा क्लच नाही, इंजिन सुरू करण्यासाठी वेगळा स्टार्टर नाही, आणि ब्रेकचे काम बव्हंशी मोटरच करीत असल्याने ब्रेकचे भागही सावकाश झिजतात. म्हणजे जी यंत्रणा बाहेरून गुंतागुंतीची भासे, तिच्यात झिजणाऱ्या काही भागांना मुळातच फाटा मिळाला होता. ही गोष्ट अभियंत्यांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ग्राहकास ती कळण्याचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे वर्षानुवर्षे होणारा दुरुस्तीचा खर्च.

बॅटरीविषयीची शंका सर्वांत मोठी होती. २००० साली अमेरिकेत आलेल्या गाडीत निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे २२८ घट ३८ संचांत मांडलेले होते. बॅटरी पूर्ण भरणे व पूर्ण रिकामी करणे या दोन्ही क्रियांनी तिचे आयुष्य घटते. म्हणून तिच्यातील साठा सर्वसाधारणपणे चाळीस ते ऐंशी टक्के या मर्यादेतच राहील, अशी नियंत्रणाची व्यवस्था करण्यात आली. बॅटरीच्या एकंदर शक्तीपैकी पुष्कळसा भाग मुद्दाम वापराबाहेर ठेवून तिचे आयुष्य वाढविण्याची ही युक्ती होती. परंतु घड्याळ व विजेरी यांचे सेल वर्ष-दोन वर्षांत संपतात, असाच सामान्य माणसाचा अनुभव. त्याच अनुभवाने त्याने या बॅटरीचेही माप घेतले, यात नवल नाही.

४. चाचणी घेता न येणारी वस्तू

अमेरिकेत प्रथम आली ती होंडा कंपनीची ‘इन्साइट’, डिसेंबर १९९९ मध्ये. ती दोन आसनांची, ॲल्युमिनियमची, वजनाने हलकी अशी गाडी होती. शहरात गॅलनमागे ६१ व महामार्गावर ७० मैल, हे तिचे अधिकृत आकडे त्या काळी थक्क करणारे होते. तरीही २००६ साली तिचे उत्पादन थांबेपर्यंत जगभरात अवघ्या सतरा हजारांच्या आसपास गाड्या खपल्या. ‘प्रियस’ २००० साली १९,९९५ डॉलर किमतीस उपलब्ध झाली. तिच्या बॅटरी व संबंधित भागांस आठ वर्षे किंवा एक लाख मैल इतकी हमी देण्यात आली होती. या हमीचा हेतू भीती दूर करण्याचा होता, परंतु तिचा उलट अर्थ लावणारेही पुष्कळ निघाले. आठ वर्षांची हमी, म्हणजे नवव्या वर्षी बॅटरी जाणार व काही हजार डॉलर भरावे लागणार, असे गणित घरोघर मांडले जाऊ लागले.

या ठिकाणी एका जुन्या अभ्यासाची तुलना उद्बोधक ठरेल. हायब्रीड हा शब्द मराठी माणसाच्या कानी प्रथम पडला तो शेतीच्या संदर्भात. १९६४ साली प्रसृत झालेल्या सी. एस. एच.-१ या संकरित ज्वारीनंतर महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ‘हायब्रीड’ म्हणजे ती ज्वारी, असाच अर्थ रूढ झाला. नव्या वस्तूचा लोकस्वीकार कसा होतो, याचा एक पायाभूत अभ्यासही संकरित बियाण्याविषयीचाच आहे. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी अमेरिकेतील आयोवा राज्याच्या दोन वस्त्यांत संकरित मक्याच्या प्रसाराची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९४३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी भेट घेतलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणे स्वीकारले होते. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली मांडलेल्या नवप्रसाराच्या सिद्धांतास याच पाहणीचा मोठा आधार आहे.

उघड फायद्याच्या बियाण्यासही तेरा वर्षे लागली, ही गोष्ट लक्षणीय आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की, शेतकऱ्याने ते बियाणे एकदम सर्व शेतात पेरले नाही. एका तुकड्यात पेरून, हंगाम पाहून, मग क्षेत्र वाढविण्याची मुभा त्यास होती. मोटारगाडी विकत घेणाऱ्यास अशी मुभा नसते. गाडीचा दहावा हिस्सा विकत घेऊन अजमावता येत नाही. शिवाय मक्याचा हंगाम एका वर्षात पुरा होतो, तर गाडीच्या टिकाऊपणाचा ‘हंगाम’ दहा-बारा वर्षांचा असतो. म्हणूनच ज्यास स्वतः चाचणी घेता येत नाही, त्यास दुसऱ्याने घेतलेल्या चाचणीवर विसंबावे लागते. पहिल्या हायब्रीड गाड्यांच्या मालकांनी नकळत ही चाचणी इतरांसाठी घेतली.

तथापि हे पहिले मालक इतरांस विश्वासार्ह साक्षीदार वाटत नव्हते, हेही नमूद करावयास हवे. २००३ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या ‘प्रियस’चा आकार इतर गाड्यांहून इतका निराळा होता की, ती दुरूनही ओळखू येई. मालकाचे पर्यावरणप्रेम त्यामुळे जगासमोर आपोआप जाहीर होई. स्टीव्हन व ॲलिसन सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले आहे की, कोलोरॅडो व वॉशिंग्टन राज्यांतील ज्या भागांत पर्यावरणाविषयी आस्था अधिक, तेथे या ओळखू येण्याजोगेपणासाठीच ग्राहक काही अधिक रक्कम मोजण्यास तयार होते. अशा हौशी मालकाने गाडीची प्रशंसा केली, तर शेजाऱ्याने ती पुराव्यादाखल का मानावी? लोकांचा हा संशय अगदीच निराधार होता, असे म्हणता येणार नाही.

५. वादग्रस्त आकडे

पुरावा परिपक्व होण्यापूर्वीच्या काळात अंदाजांस आकड्यांचे रूप मिळाले, हे या इतिहासातील एक शिकण्याजोगे प्रकरण आहे. ओरेगन राज्यातील सी. एन. डब्ल्यू. या बाजार-संशोधन संस्थेने २००६ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. गाडीच्या निर्मितीपासून मोडीपर्यंतची सर्व ऊर्जा जमेस धरली असता अवजड ‘हमर’ गाडी ‘प्रियस’हून बरी ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. पॅसिफिक इन्स्टिट्यूट या संस्थेने २००७ मध्ये त्याची परीक्षा केली, तेव्हा एक मर्मस्थान उघड झाले. अहवालात ‘प्रियस’चे आयुष्य १,०९,००० मैल, तर ‘हमर एच-१’चे ३,७९,००० मैल गृहीत धरले होते. गाडी लवकर मोडीत जाणार असे एकदा मानले की, तिच्या निर्मितीची ऊर्जा थोड्याच मैलांवर विभागली जाते आणि प्रत्येक मैलाचा भार फुगतो. म्हणजे जो प्रश्न अद्याप अनिर्णीत होता, त्याचे उत्तरच गणिताच्या आरंभी गृहीतकात घालण्यात आले होते.

सरकारी आकड्यांनीही विश्वासास थोडी बाधा आणली. दुसऱ्या ‘प्रियस’स शहरात गॅलनमागे ६० व महामार्गावर ५१ मैल असा दाखला मिळाला होता. मालकांच्या हाती प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मैल पडत. चाचणीची जुनी पद्धत मंद गतीची होती, आणि तीत वातानुकूलन, थंड हवा यांचा पुरेसा विचार नव्हता. सर्वच गाड्यांस हा दोष लागू होता, पण ज्या गाडीची कीर्तीच मैलांवर उभी, तिच्या बाबतीत तो अधिक बोचला. २००८ सालच्या गाड्यांपासून पद्धत सुधारण्यात आली व तेच आकडे ४८ आणि ४५ वर उतरले. या सुधारणेने गाडीचा कमीपणा झाला नाही. उलट, दाखल्यावरील आकडा व मालकाच्या वहीतील आकडा यांत प्रथमच मेळ बसला.

सर्वच शंका खोट्या ठरल्या, असे मात्र समजू नये. होंडाच्या २००६ ते २००८ या सालांतील ‘सिव्हिक हायब्रीड’ गाड्यांच्या बॅटऱ्या अनेकांच्या बाबतीत अकाली क्षीण झाल्या. कंपनीने २०१० मध्ये नियंत्रणाच्या संगणकीय आज्ञावलीत बदल केला, तेव्हा मैल कमी पडू लागल्याच्या तक्रारी आल्या. कॅलिफोर्नियातील एका मालकीणबाईंनी लघुवाद न्यायालयात दावा लावला व २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांस ९,८६७ डॉलर मंजूर झाले. तो निकाल त्याच वर्षी मे महिन्यात वरच्या न्यायालयाने फिरविला. न्यायालयीन निर्णय काहीही असो, ‘हायब्रीड’ या एका नावाखाली निरनिराळ्या दर्जाच्या रचना विकल्या जात होत्या आणि त्यांतील भेद केवळ काळच दाखवू शकत होता, हे या प्रकरणाने स्पष्ट झाले.

६. पुराव्याची परिपक्वता

हा पुरावा लवकर मिळण्याचे एक क्षेत्र होते, ते म्हणजे टॅक्सीचा धंदा. घरगुती गाडी दहा वर्षांत जेवढे अंतर कापते, तेवढे टॅक्सी दोन-तीन वर्षांत कापते. शिवाय टॅक्सीवाल्याचा हिशेब रोकडा असतो. त्याच्या पसंतीत हौसेस वाव नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथील एका टॅक्सीचालकाची पहिल्या पिढीतील ‘प्रियस’ सुमारे दोन वर्षांत तीन लाख किलोमीटरांहून अधिक धावली. तेव्हा कंपनीने ती तपासणीसाठी परत घेतली. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २००५ पासून हायब्रीड टॅक्सी धावू लागल्या. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००७ साली असे जाहीर केले की, २०१२ पर्यंत सर्व पिवळ्या टॅक्सी हायब्रीड व्हाव्यात. परंतु इंधनविषयक नियम करण्याचा अधिकार संघसरकारचा आहे, या कारणास्तव संघीय न्यायालयाने २००८ मध्ये या सक्तीस मनाई केली. सक्ती टळली, तरी हजारो टॅक्सीमालकांनी आपखुशीने हायब्रीड गाड्या घेतल्या. लोकस्वीकाराच्या दृष्टीने ही स्वेच्छा कोणत्याही सक्तीहून अधिक बोलकी आहे.

दुसरा महत्त्वाचा पुरावा २०११ सालचा. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-नियतकालिकाने दोन लाख मैलांहून अधिक धावलेली २००२ सालची एक ‘प्रियस’ मिळवून तिची चाचणी घेतली. त्यांनी दहा वर्षांपूर्वी जवळजवळ नवी असताना तपासलेल्या तशाच गाडीने गॅलनमागे ४०.६ मैल दिले होते. या जुन्या गाडीने मूळच्या बॅटरीवर ४०.४ मैल दिले. एका गाडीवरून सिद्धांत बांधू नये, हे खरे. तथापि अशा चाचणीस योग्य असे जुने वाहन २०११ पूर्वी फारसे अस्तित्वातच असू शकले नसते, हा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. याच सुमारास लहान स्वतंत्र गॅरेजांतून बॅटरीतील निकामी संच बदलून देण्याचा धंदा रुजला. ज्या दुरुस्तीचा पूर्वी बागुलबुवा होता, ती इतर दुरुस्त्यांसारखीच एक होऊन बसली.

विक्रीचे आकडे याच क्रमाची साक्ष देतात. टोयोटाच्या हायब्रीड गाड्यांची एकूण विक्री दहा लाखांवर जाण्यास डिसेंबर १९९७ ते मे २००७ अशी साडेनऊ वर्षे लागली. पुढील सुमारे पावणेदहा वर्षांच्या काळात, म्हणजे जानेवारी २०१७ पर्यंत, तीच संख्या एक कोटीवर गेली. अमेरिकेत मात्र हा चढ सरळ नव्हता. २०१३ साली नव्या गाड्यांच्या विक्रीत हायब्रीडचे प्रमाण सुमारे तीन टक्के झाले, आणि तेल स्वस्त होताच २०१६ पर्यंत ते दोन टक्क्यांवर घसरले. संघसरकारची करसवलत तर २०१० च्या अखेरीसच संपली होती. यावरून असे दिसते की, सवलत व तेलाचा भाव यांनी आणलेला ग्राहक त्यांच्याबरोबर निघूनही जातो. २०१६ नंतरची वाढ मात्र त्या करसवलतीच्या आधाराशिवाय झाली. टोयोटाने २०२० सालच्या गाड्यांपासून बॅटरीची हमी दहा वर्षे किंवा दीड लाख मैल केली. वीस वर्षांच्या अनुभवाने कंपनीसही स्वतःच्या मालाविषयी जे कळले, त्याचा हा वाढीव आकडा निदर्शक मानावयास हरकत नाही.

७. समारोप

२०२५ सालच्या मालिकेपासून टोयोटाची ‘कॅमरी’ ही कुटुंबवत्सल गाडी अमेरिकेत केवळ हायब्रीड स्वरूपातच मिळू लागली. ती घेणाऱ्यास आता मी हायब्रीड घेऊ की साधी, असा प्रश्न पडत नाही. वस्तूचे वैशिष्ट्य नाहीसे होऊन ती नित्याची होणे, हीच लोकस्वीकाराची शेवटची पायरी होय.

या इतिहासावरून दोन अनुमाने निघतात. पहिले असे की, समाजाच्या सावधपणास सरसकट अज्ञान म्हणणे योग्य नव्हे. २००१ साली हायब्रीड गाडी न घेणाऱ्या गृहस्थाजवळ तिच्या दहाव्या वर्षाविषयी कसलीच माहिती नव्हती, कारण ती माहिती जगात कोणाजवळच नव्हती. सर्वस्वी विजेवर चालणाऱ्या गाड्यांविषयी आज हाच प्रश्न पुन्हा विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तराचा काही भाग जाहिरातींनी नव्हे, तर वर्षांनीच भरून निघेल.

दुसरे अनुमान आपल्या व्यवसायास लागू पडणारे आहे. वस्तुसंग्रहालये गाडीचा पहिला नमुना झळकवून ठेवतात. परंतु या इतिहासातील निर्णायक कागदपत्रे निराळीच आहेत. ती म्हणजे मालकाने पेट्रोल भरताना लिहिलेली मैलांची वही, गॅरेजची बिले, बॅटरी बदलल्याची पावती आणि टॅक्सीमालकाचा वार्षिक हिशेब. गाडी विकली की ही कागदपत्रे रद्दीत जातात. पहिल्या पिढीतील गाड्या आता मोडीत निघत असून त्यांचे मालकही वृद्ध होत आहेत. यंत्राच्या सामाजिक इतिहासात ज्यांस रस आहे, अशा अभ्यासकांनी ही साधने गोळा करण्याचे काम लांबणीवर टाकू नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.